सतरा नंबरची खूण

नवं यंत्र घ्यायचं निघालं तेव्हा आमच्या घरात दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, प्रत्येकाच्या खिशात फोन असताना आणखी एक डबा कशाला? दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, फोन डोंगरात थंडीनं मान टाकतो आणि हातमोजे घातले की ओळखसुद्धा देत नाही, त्याचं काय? तीस वर्षांच्या संसारात कोण कुठल्या पक्षात हे सांगायची गरज नसते. शेवटी तह झाला. हातात मावणारं एक चांगलं जी.पी.एस. घ्यायचं, डोंगरात तेच आणि गाडीतही तेच. म्हणजे काचेला चिकटवायचं ते जुनं बोलकं यंत्रही निवृत्त करता येईल. त्या बाईंचे नकाशे २००८ सालचे. नवा पूल आला की त्यांच्या पडद्यावर आमची गाडी नदीतून पोहत जायची.

पण आमच्याकडे त्याहूनही जुनं एक यंत्र आहे. पिवळं, मुठीत मावणारं, नकाशा नसलेलं. ते घेतलं २००० सालच्या उन्हाळ्यात. त्या वेळच्या मंडळींना आठवत असेल, तोपर्यंत अमेरिकन सरकार सामान्यांच्या जी.पी.एस.मध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, आणि यंत्र शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवी. १ मे २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी ती भेसळ बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि एका रात्रीत घरोघरची यंत्रं शहाणी झाली. आम्ही तेव्हा बॉस्टनजवळच्या अपार्टमेंटात राहत होतो. पहिली खूण केली ती पार्किंगमध्ये उभं राहून. नाव दिलं ‘घर’.

नव्या यंत्रात जुन्या खुणा भरायच्या म्हणून ते पिवळं यंत्र खणातून काढलं. बॅटऱ्या गळून आत हिरवट मीठ साचलं होतं. ते खरवडलं, नव्या बॅटऱ्या घातल्या, अंगणात जाऊन उभे राहिलो. पाचेक मिनिटांनी त्याला आकाश सापडलं. जागा अगदी बरोबर दाखवली, तारीख मात्र जवळजवळ वीस वर्षांपूर्वीची! आम्हाला वाटलं डोकं फिरलं बिचाऱ्याचं. पण कारण साधं आहे. हे उपग्रह तारीख आठवड्यांत मोजून पाठवतात, आणि जुन्या पद्धतीत तो आकडा १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. असा फेरा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री संपला. नव्या यंत्रांना ते शिकवलेलं असतं, आमच्या पिवळ्याला कोण शिकवणार? तर त्याच्या हिशेबानं अजून तो काळ चालू होता. त्या तारखेला मुलगी प्राथमिक शाळेत होती, आणि बाबा होते.

जुन्यातून नव्यात खुणा नेण्याची वायर जाड, नऊ पिनांची. ती लावायला घरातल्या एकाही कॉम्प्युटरला आता भोक नाही. मग रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसलो. एकानं जुन्यावरून वाचायचं, दुसऱ्यानं नव्यात भरायचं. उत्तर अमुक अंश, तमुक मिनिटं. पश्चिम अमुक अंश. एकूण एकसष्ट खुणा. आपल्याकडे लग्नाच्या आमंत्रणांची यादी करतात, तसा थाट.

त्या यंत्रात नावाला सहाच रोमन अक्षरं बसायची, त्यामुळे नावंही गंमतीदार. ‘घर’, मग ‘घर२’. ‘गाडी’ ही खूण तर इतक्यांदा पुसून पुन्हा केलेली की ती कुठली गाडी हे देवालाच ठाऊक. कॅम्पिंगची एक जागा नुसतीच ‘डास’. साताऱ्याजवळच्या गावाकडची ‘विहीर’. एक ‘इडली’, हे कुठल्याशा हायवेलगतचं हॉटेल. ते बंद पडून किती वर्षं झाली! वाचता वाचता चहा झाला, पुन्हा चहा झाला. आणि मग आला नुसताच नंबर: ०१७.

नाव न देता खूण केली की यंत्र आपलं आपण नंबर टाकतं. बाकी सगळ्यांना नावं, हीच एक बिननावाची. कुठली ही? दोघांनाही आठवेना. उत्तर ४४ अंश, पश्चिम ७१ अंश आणि वर काही मिनिटं. नव्या यंत्रात आकडे भरले, आणि त्यात नकाशा असल्यामुळे जागा लगेच समोर आली. न्यू हॅम्पशरमधला माउंट वॉशिंग्टन, शिखराच्या थोडं खाली, नैर्ऋत्येला. वाटेवर नाही, वाट सोडून, धोंड्यांत.

मग दोघंही गप्प झालो.

सन २००३ च्या ऑगस्टमध्ये बाबा आमच्याकडे आले होते. बाबा मोजणी खात्यातले, भूकरमापक. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांचे शिवार त्यांनी पायाखाली घातलेले. आधी शंकू साखळीनं, मग प्लेन टेबलानं. वय सहासष्ट, पण चाल अशी की आम्हीच मागे पडायचो. त्यांना व्हाइट माउंटन्स दाखवायला नेलं. आधी फ्रँकोनिया नॉचमधला तो प्रसिद्ध ‘ओल्ड मॅन’ दाखवायचा बेत होता. कड्यावर निसर्गानंच कोरलेला म्हाताऱ्याचा चेहरा. पण त्याच वर्षी ३ मे रोजी तो कोसळला होता. मग आम्ही बाबांना न्यू हॅम्पशरचं पाव डॉलरचं नाणं दिलं. त्याच्यावर तो चेहरा आहे. त्यांनी नाणं पाहिलं, रिकामा कडा पाहिला आणि म्हणाले, “म्हणजे हद्दीचा दगड गेला, नोंद तेवढी राहिली.”

दुसऱ्या दिवशी गाडीनं ऑटो रोडवरून माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर गेलो. हा रस्ता १८६१ सालचा, साडेसात मैलांचा, नुसत्या वळणांचा. वर गेलेल्या गाडीला चिकटवायला कागदी पट्टी मिळते, ती आम्हीही अभिमानानं लावली. माथा ६,२८८ फूट. आपल्या कळसूबाईहून हजारभर फुटांनीच उंच, त्यामुळे बाबा काही विशेष भारावले नाहीत. पण इथला वारा वेगळा. १२ एप्रिल १९३४ रोजी या शिखरावर ताशी २३१ मैलांचा झोत मोजला गेला, आणि तो जगातला विक्रम १९९६ पर्यंत टिकला.

त्या दिवशी मात्र लख्ख ऊन होतं. खाली दीड मैलावर दोन चिमुकली तळी आणि त्यांच्या काठची झोपडी दिसत होती. तिचं नाव ‘लेक्स ऑफ द क्लाउड्स’. बाबा म्हणाले, चला पाय मोकळे करून येऊ. आम्ही यंत्रात ‘गाडी’ ही खूण केली आणि क्रॉफर्ड पाथनं उतरलो. झोपडीत गरम सूप घेतलं. परत निघालो आणि अर्ध्या वाटेत धुकं आलं. आलं म्हणजे कसं, तर कोणी पांघरूण टाकावं तसं. पंधरा पावलांपलीकडचं दिसेना. वारा सुटला, अंगावरचे सुती शर्ट ओले झाले.

झाडांच्या वर वाट दाखवायला इथे दगडांच्या लगोऱ्या रचलेल्या असतात. आपले सह्याद्रीतले भटके रचतात तशाच, फक्त मोठ्या. एका लगोरीवरून पुढची शोधायची. पण आमच्या हातात यंत्र होतं ना! ‘गाडीकडे ने’ म्हटलं की त्याचा बाण गाडीकडे वळायचा. आम्ही लगोऱ्या सोडल्या आणि बाणामागे निघालो. वाट डावीकडे वळत गेली आणि आम्ही सरळ. हळूहळू पायाखाली मोठमोठे धोंडे आले, मधे खोल फटी. बाबांचा एक पाय फटीत गेला. लागलं नाही, पण ते एका दगडावर बसले आणि म्हणाले, “थांबा. मला दाखवा बघू ते.”

यंत्र हातात घेऊन त्यांनी बराच वेळ पाहिलं. “बाण गाडी कुठं आहे ते सांगतोय. मधे काय आहे ते त्याला कुठं ठाऊक?” मग पडद्यावरची ठिपक्यांची रेघ दिसली. “ही कसली?” म्हटलं, ही आपण आलो ती वाट. “मग ही खरी. ही आपली पावलं. हिच्यावरून मागं चला, शेवटची लगोर सापडेस्तोवर. आधीचा दगड सापडल्याशिवाय पुढचा शोधायचा नाही.”

उठण्याआधी त्यांनी विचारलं, “जागेची नोंद कशी करतात यात?” बटण दाबून धरलं की पडद्यावर झेंडा घेतलेला एक चिमुकला माणूस यायचा. बाबांना तो फार आवडला, मोजणीतला झेंडीवालाच! त्यांनी नोंद केली. आम्ही म्हटलं, ही जागा कशाला, ही तर चुकलेली. तर म्हणाले, “म्हणूनच. फील्डबुकात चूक खोडायची नसते. आडवी रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं. चूक कुठं झाली ते पुढच्याला कळलं पाहिजे.”

ठिपक्यांवरून मागे आलो, लगोर सापडली. मग एकानं लगोरीपाशी बाबांजवळ थांबायचं, दुसऱ्यानं हाकेच्या अंतरात राहून पुढची शोधायची आणि “आली!” म्हणून ओरडायचं, असं करत वर गेलो. जेमतेम अर्ध्या-पाऊण मैलाला तास-दीड तास लागला. गाडीत हीटर लावून बसलो तेव्हा बाबांचे दात वाजत होते. त्याच वाटेवर दोघांच्या आठवणीची पाटी आहे. ते दोघं ३० जून १९०० रोजी, ऐन उन्हाळ्यात, शिखरावर भरलेल्या गिर्यारोहकांच्या सभेला निघाले आणि वादळात गारठून गेले. त्यानंतर पुढच्याच वर्षी तिथे आसऱ्याची खोपी बांधली गेली. १८४९ पासून या डोंगरानं दीडशेहून जास्त माणसं घेतली आहेत. हे सगळं आम्ही नंतर वाचलं. गप्पांत मात्र आम्ही ती गोष्ट “बाबांना धुकं दाखवलं” अशी विनोदानं सांगत आलो, आणि सांगता सांगता तिच्यातली भीती झिजून गेली.

तर ठरलं. नवं यंत्र घेऊन १७ नंबरला जाऊन यायचं.

आधी यंत्राबद्दल चार शब्द, कारण या अंकाच्या वाचकांत भटके बरेच आहेत. जी.पी.एस. यंत्र कोणाशी बोलत नाही, नुसतं ऐकतं. वीस हजार किलोमीटर वरून उपग्रह वेळ सांगत असतात. चार जणांचं ऐकू आलं की आपली जागा निघते. जुनं यंत्र फक्त अमेरिकन उपग्रहांचं ऐकायचं. नवं रशियन आणि युरोपीय उपग्रहांचंही ऐकतं, तेही दोन वेगळ्या वारंवारितांवर. त्याचा फायदा दरीत कळतो. माथेरानच्या एको पॉइंटवर जशी हाक कड्यावर आपटून परत येते, तसे हे संदेशही कड्यांवर आपटून उशिरा पोचतात आणि यंत्राला चकवतात. दोन वारंवारिता असल्या की खरी हाक कुठली आणि प्रतिध्वनी कुठला हे त्याला बरंच कळतं.

उपग्रहामार्फत संदेश पाठवणारीही यंत्रं मिळतात. एकट्यानं डोंगरात जाणाऱ्यानं ती जरूर घ्यावीत. आम्ही नुसतं ऐकणारं घेतलं, कारण ते दर खेपेला भारतातही नेतो. संदेश पाठवणारी यंत्रं आणि उपग्रह फोन भारतात सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. विमानतळावर सामानात असं यंत्र सापडल्यामुळे परदेशातून आलेल्या प्रवाशांना अडवल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत आल्या आहेत. दिवाळीला सह्याद्रीत जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

गेल्या सप्टेंबरात निघालो. गाडीत नव्या यंत्राची परीक्षा झाली आणि ते काठावर पास झालं. पडदा काडेपेटीएवढा, बोलणं नाही, वळण आलं की नुसतं पीं-पीं. चालवणाऱ्यानं बघायचं रस्त्याकडे की त्याच्याकडे? शेवटी बोलण्याचं काम फोनलाच दिलं. तहातलं एक कलम तिथेच मोडलं.

मुक्काम गोरमला होता आणि चढाई डोंगराच्या पश्चिम बाजूनं. सकाळी यंत्रानं सगळ्यात जवळचा रस्ता काढून दिला तो जेफरसन नॉचमधून. हा खडीचा, अरुंद, तीन हजार फुटांवरून जाणारा. हिवाळ्यात तर बंदच असतो. रात्री पाऊस झालेला, आमची गाडी बुटकी. आम्ही डांबरी रस्त्यानं लांबून गेलो. यंत्र बराच वेळ पीं-पीं करत राहिलं. बाण इथेही तोच, म्हटलं.

आणखी एक फजिती सांगतो, म्हणजे इतरांची होणार नाही. अमोनूसक रॅव्हिनच्या वाटेला लागून पाव तास झाला तरी पडद्यावर आम्ही डांबरी रस्त्यावरच! झाडी दाट, ओढ्याचा आवाज येतोय, आणि यंत्र म्हणतंय मागे वळा. मग लक्षात आलं, गाडीची मांडणी तशीच राहिली होती. तिच्यात ‘रस्त्याला चिकटून राहा’ अशी एक सोय असते. थोडंफार बाजूला गेलात तरी यंत्र तुम्हाला उचलून जवळच्या रस्त्यावर ठेवतं. गाडीत ती चांगली, पायी घातक. डोंगराशी पोचल्यावर ती आठवणीनं बंद करावी.

मग मात्र यंत्रानं मान राखली. जेम पूलच्या डोहापाशी, दोन्हीकडे ओली झाडी आणि कडा, जिथे पिवळं यंत्र हमखास आंधळं व्हायचं, तिथेही याची रेघ सरळ होती. डोहानंतरची चढण अंगावर येणारी. धबधब्यांच्या कडेनं, हाताचा आधार घेत, दर दहा मिनिटांनी ‘फोटो काढायला’ थांबत, तीन मैलांना तीन तास लावून झोपडीपाशी पोचलो. सूप मिळालं.

झोपडीजवळच्या उघड्या माळावर एक चिमुकली पिवळी फुलझाडं आहेत, रॉबिन्स सिंकफॉइल नावाची. माणसांच्या पायांनी ती संपत आली होती, म्हणून १९८३ मध्ये तिथे क्रॉफर्ड पाथच बाजूला वळवला. झाडं सावरली आणि २००२ मध्ये धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीतून बाहेर आली. वाट सोडून चालू नका, अशी विनंती तेव्हापासून जागोजाग दिसते.

झोपडीपासून वर निघालो. आता यंत्रात ‘१७’कडे जायचं लावलं होतं. आकडा कमी होत गेला: चारशे मीटर, दोनशे, नव्वद. पंचावन्नवर आला आणि पुन्हा वाढू लागला. म्हणजे वाटेवरून जास्तीत जास्त जवळ जाता येतं ते एवढंच. पुढचे पंचावन्न मीटर उजवीकडे, धोंड्यांत. धोंड्यांच्या मधे गवत आणि शेवाळ, शंभर शंभर वर्षांचं. आम्ही वाट सोडली नाही. त्यातला बाबांचा दगड कुठला ते इथून कळत नव्हतं. सगळे सारखेच राखाडी. पडद्यावर लिहून आलं होतं, चूक फार तर तीन मीटर. तेवढ्यात दहा तरी दगड होते.

आम्ही तिथे किती वेळ उभे होतो कोण जाणे. वाऱ्यानं कान गार झाले तेव्हा वर पाहिलं. शिखरावर ढगाची टोपी बसली होती आणि तिचा काठ खाली सरकत होता. शिखर अर्ध्या मैलावर. यंत्रात वाट स्वच्छ, बॅटरी भरलेली, नकाशा रंगीत. पुन्हा दोन पक्ष पडले. “आता तर नकाशा आहे, धुक्यातही जाता येईल,” हा एक पक्ष. दुसऱ्या पक्षानं काहीच म्हटलं नाही, नुसतं उजवीकडे पाहिलं. मग दोघांनीही पाठ वळवली.

उतरताना गुडघ्यांनी आमचं वय मोजून दाखवलं. झोपडीपर्यंत आलो तेव्हा वरचा डोंगर नाहीसा झाला होता. रात्री मुलीचा फोन आला. “समिट झालं?” म्हटलं, नाही झालं, बाबांपर्यंत जाऊन आलो.

एकसष्ट खुणांतल्या पुष्कळांना नव्या यंत्रात आम्ही ऐसपैस नावं दिली आहेत. आता अक्षरांची तोटा नाही. ‘डास’चं ‘डासांचं कॅम्पग्राउंड, जूनमध्ये जाऊ नये’ असं झालं आहे. ०१७ ला मात्र हात लावला नाही. बाबांनी केलेली नोंद, ती तशीच ठेवली. आणि जिथून आम्ही परत फिरलो तिथे, निघण्याआधी, बटण दाबून आणखी एक खूण केली. यंत्रानं आपला आपण नंबर टाकला. नाव द्यायचं राहू दिलं.